फुंकर

भट्टीला हात लागताच परक्या फौजेचा अधिकारी झालेला नट "आई गं!" करत टुणकन उडाला आणि मागच्या चिखलात फतकल मारून बसला. शूटिंग बघायला जमलेलं सारं गाव खो खो हसलं. दिग्दर्शकानं "कट" म्हटलं तरी हसू थांबेना.

कुंभाराची म्हातारी तेवढी हसली नाही. खुर्चीतून उठून ती थेट दिग्दर्शकापाशी गेली.

"भट्टी गार होती रे."

"आजी, सिनेमात तापलेलीच हवी."

"सिनेमातली नव्हे, तेव्हाची. आत मडक्यांत फौजेपासून गावाचं बियाणं लपवलेलं. जाळ केला असता तर करपून गेलं असतं. ओला पाला पेटवून नुसता धूर केला होता."

"म्हणून तर तो अधिकारी फसला ना?"

"हात लावल्यावर कसा फसेल?"

म्हातारीचा दीर लगबगीनं पुढे आला. साठ वर्षं ही गोष्ट गावाला तोच रंगवून सांगत आला होता.

"वहिनी, काहीतरीच काय! चांगलं मामा बनवलं आपण त्याला."

"तुम्ही सगळे कुंपणाबाहेर होता, भाऊजी. भट्टीपाशी मी आणि तो, दोघंच. त्यानं सबंध तळहात टेकवला. मग फुंकर मारली आणि लांब उभ्या शिपायांना म्हणाला, 'फार तापलीय, चला.'"

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"तुम्ही सांगायचा, लोक पोट धरून हसायचे. त्या दिवसांत हसायला दुसरं होतं काय?"

दीर खाली मान घालून बुटानं माती उकरत राहिला.

नट गणवेशावरचा चिखल झटकत जवळ आला. "आजी, फुंकर मारताना त्याचा चेहरा कसा होता? चिडलेला? की हसला?"

"तेच तर ठाऊक नाही, बाबा. त्यानं हात टेकवला आणि भीतीनं माझे डोळे गच्च मिटले. फुंकर नुसती ऐकली." ती जराशी घुटमळली. "एकदा करून दाखवतोस?"

नटानं दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकानं हातातलं संहितेचं पान दुमडून खिशात घातलं आणि कॅमेरेवाल्याला खूण केली.

नट भट्टीपाशी गेला. तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. आता कुणी हसत नव्हतं.

म्हातारी दोन हात अंतरावर, पूर्वीच्याच जागी जाऊन उभी राहिली. चष्मा पदरानं पुसून तिनं डोळ्यांवर नीट बसवला.