चौदा सुया

“इंजेक्शनं किती झाली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सावळीरामनं ऐकू न आल्यासारखं केलं. स्ट्रेचरवर त्याची बायको चंद्रभागा पोट धरून पडली होती. नाशिकच्या याच दवाखान्यातून बारा दिवसांपूर्वी ती हसत घरी गेली होती. दुर्बिणीतून पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढली, पोटावर चार बारकी भोकं, एवढंच. निघताना नर्सनं चौदा सुयांचं खोकं सावळीरामच्या हातात दिलं होतं. रोज एक, पोटाच्या कातडीत.

“कशाची हायेत ही?” त्यानं तेव्हा विचारलं होतं.

“रक्त पातळ ठेवायची.”

दोन वर्षं हा माणूस बायकोचं रक्त थांबावं म्हणून देवापुढं हात जोडत होता. हिरड्यांतून रक्त यायचं, ते थांबता थांबत नसे. नुसता दाराचा धक्का लागला तरी हातावर काळानिळा डाग उठायचा. एका सकाळी तिची उशी लाल झालेली पाहून तो गोठ्यात जाऊन रडला होता. पाणथरीच रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट खाते म्हणून ती काढली, आणि आता तेच रक्त पातळ करायचं? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सावळीरामनं तर ताकाचं भांडंच लपवलं. चांदवडजवळच्या मळ्यात पोचल्यावर त्यानं खोकं फवारणीच्या औषधांच्या कोठीत मागं सारलं, आणि चंद्रभागेला म्हणाला, “डॉक्टरांचा फोन आल्ता. सुया नको म्हणले.” बायकोशी तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, तेही मायेपोटी.

दहाव्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून ओवा दिला, हिंग लावला. काल ताप चढला. आज तिला उभंही राहवेना, तेव्हा गाडी करून तो इथं आला. लेक वेदिका पुण्याहून निघाली होती.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनचा कागद खाली ठेवला. “सावळीरामभाऊ, तुमची द्राक्षबाग आहे ना? ठिबकच्या नळीत क्षार साचला की पुढच्या वेलींचं काय होतं?”

“वाळत्यात.”

“म्हणून तर तुम्ही नळीत ॲसिड सोडता. इथं ते काम त्या सुयांचं होतं. पाणथरी काढली की प्लेटलेट एकदम वाढतात, रक्त गोठू शकतं. आतड्यातून लिव्हरकडं जाणारी मोठी शीर गुठळीनं बंद झालीय. आतडं काळं पडलंय. लगेच पोट उघडावं लागेल, आणि खरं सांगते, आशा थोडीच आहे. सुया दिल्या होत्या का?”

अख्ख्या शिवारात सावळीरामइतकं ठिबक कुणी जपत नव्हतं. दर हंगामाला स्वतःच्या हातानं तो नळ्या धुवायचा.

“मीच घेतल्या नाय,” स्ट्रेचरवरून चंद्रभागा म्हणाली. “हे रोज सुई घेऊन बसायचे. मला लय भीती वाटती सुईची, मॅडम.”

नर्स चमकून तिच्याकडं बघत राहिली. दोन वर्षं दर आठवड्याला हीच बाई रक्त तपासायला हात पुढं करायची, आणि सुई घुसत असताना नर्सलाच तिच्या लेकरांची खुशाली विचारायची.

डॉक्टरीणबाईंनी तिचं म्हणणं कागदावर लिहून घेतलं. सावळीरामनं ऑपरेशनच्या कागदावर सही केली. स्ट्रेचर हललं तसा तो तिचा हात धरून बाजूनं चालू लागला.

“चंद्रे, मी…”

तिनं मान हलवली. थिएटरच्या दाराशी त्याला खाली वाकायची खूण केली. त्या दारातून ती पुन्हा जिवंत बाहेर आली नाही. त्याच्या कानाशी लागून ती शेवटचं बोलली ते एवढंच:

“रडू नका. कोठीतलं खोकं मला कवाच दिसलं व्हतं. रक्ताची धास्ती मलाबी व्हतीच. तेवढं वेदी घरी यायच्या आत काढून टाका.”