पवनचक्कीचा फोटो

हार्लेम या डच शहराजवळ चालत्या सायकलवरून पवनचक्कीचा फोटो काढायला गेला आणि माझा मित्र राजानंद सायकल-कॅमेऱ्यासकट कालव्यात पडला. पुण्यात रोज तलावात पोहणारा गडी, पण जाकीट-बूट भिजून जड झाले तसा गटांगळ्या खाऊ लागला. मला तर पोहताच येत नाही.

"आजोबा, तुम्ही उतरू नका!" माझी आठ वर्षांची नात मैत्री काठावर पालथी पडली. "राजाआजोबा, हात मारू नका. पाठीवर झोपा. हं, आता हळूहळू पाय हलवत माझ्याकडे या."

तो आला. आम्ही दोघांनी त्याला वर ओढलं.

"कुठे शिकलीस गं हे?" त्याने धापा टाकत विचारलं.

"पोहायच्या क्लासला. इथे कपडे-बूट घालूनच परीक्षा असते. पाण्यात पडणारा माणूस आधी कपडे थोडेच बदलतो?"