जपानची कोळंबी

भिकाजीची बोट वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागली, की पहिली टोपली अंजनाबाईच्या डोक्यावर चढायची. नवऱ्यानं मासळी आणायची, बायकोनं ती अंधेरीच्या बाजारात विकायची, ही लग्नापासूनची रीत. पंच्याऐंशी साली मात्र किनाऱ्यावर निर्यातवाल्या कंपनीचा ट्रक येऊन उभा राहिला.

"मोठी कोळंबी आता जपानला जाणार," भिकाजी ऐटीत म्हणाला. "देशाला डॉलर लागतो. डॉलर नसला तर बाहेरनं तेल येणार नाही. मग बोट काय वल्ही मारत न्यायची?"

अंजनाबाई रिकामी टोपली घेऊन बघत राहिली. एकेक कोळंबी तो बर्फात अशी अलगद ठेवत होता, की लग्नात तिचा हातही त्यानं इतका जपून धरला नव्हता. यापेक्षा सवत परवडली असती. तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

दुपारी भिकाजी जेवायला बसला. ताटात नुसता कोरडा भात.

"कालवण कुठाय?"

"जपानला गेलं," ती चुलीपुढून न वळताच म्हणाली. "देशाला लागतं ना."