भत्तेवालीचं तिकीट

यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या एका मत्स्यालयात मी तिकिटं देते. सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांना आमच्याकडे एका पौंडात प्रवेश असतो. शनिवारी किर्स्टी नावाची बाई लेकीला घेऊन आली आणि तिनं भत्ता मिळत असल्याचा फोनवरचा पुरावा दाखवला.

रांगेत तिच्यामागे उभा असलेला गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "कर आम्ही भरायचा आणि मजा यांनी मारायची! फुकटे लेकाचे!"

किर्स्टीचे कान लाल झाले.

"आई, पेंग्विन कुठायत?"

"पुन्हा कधीतरी येऊ, राणी," म्हणत तिनं लेकीला बाहेर ओढलं. मी हाक मारली, पण ती थांबली नाही.

गृहस्थ बायकोपोरांसह पुढे सरकला. शिसारी गिळून मी पूर्ण दराची तिकिटं काढू लागले.

"तिकिटं कसली काढताय, बाई?" तो हसला. "आमच्या ऑफिसकडून आम्हा साहेबलोकांना इथले पास फुकट मिळतात."