निळ्या अळंबीचा पत्ता

“म्हणजे पुन्हा पत्ता छापणार?” देवराईची राखण करणाऱ्या तोकुजीआजोबांनी खराटा देवळाच्या पायरीवर आपटला. “गेल्या खेपेला दरीचं नाव छापलंत, शास्त्रीणबाई. आठ दिवसांत हौशी टोळकं सगळं ओरबाडून गेलं. खालची मातीसुद्धा ठेवली नाही मेल्यांनी!”

मित्सुए संग्रहालयात बसून अळंब्यांची, शेवाळांची वर्णनं लिहायची. राग तिलाही होता, आजोबांपेक्षा जास्तच. दरीतल्या त्या अळंबीचा वाळका तुकडा तेवढा आता तिच्या नमुन्यांच्या पाकिटात उरला होता.

आणि आता ही. राईतल्या जुन्या ओकाच्या बुंध्याशी नखाएवढ्या तीन निळ्या छत्र्या. एक तिनं नमुन्यासाठी उचलली; दोन देवाच्या हवाली.

“नव्या जातीला ठिकाण द्यावंच लागतं, आजोबा. छापलं नाही, तर ही जात आहे हेच कुणी मानणार नाही. उद्या राईवर कुऱ्हाड आली, तर अडवायचं कशाच्या जोरावर?”

“मग छापा. आणि नंतर या देवापुढं नाक घासायला!”

आजोबांनी ओकाखालचा झाडलेला पाला टोपलीत भरला आणि ते ओढ्यावरचा पूल ओलांडून देवदारांच्या लागवडीत ओतायला निघाले. चाळीस वर्षांचा नेम.

मित्सुए बघत राहिली. पलीकडं रांगेत लावलेली झाडं, खाली नुसता अंधार, गवताचं पातंही नाही. तिथं काही शोधायला कुणी कधी गेलंच नव्हतं. तीही नाही.

तिनं दात-ओठ खात वर्णनात ठिकाणापुढं लिहिलं : ‘देवदारांची लागवड, पुलापलीकडे.’ जा म्हणावं, तुडवा चिखल!

पुढच्या शरदात मोटारी आल्या. टोपल्या घेतलेली माणसं राईकडं ढुंकूनही न बघता पूल ओलांडून गेली. आजोबा वर्षभरात पहिल्यांदा हसले.

“खोटं लिहिलंस, पोरी?”

“लिहिलं.”

“देव माफ करील. मी सांगतो त्याला.” मग त्यांचा आवाज उतरला. “यंदा ओकाखाली एकही आली नाही गं.”

“येईल. वाट बघू.”

एवढ्यात टोळक्याचा म्होरक्या कुरोइवा पूल ओलांडून आला. मित्सुएला बघताच कमरेत वाकला.

“बाई, उपकार झाले! पत्ता अगदी नेमका. पुलाजवळच कुजक्या पाल्याचा जुना ढीग आहे ना, नुसता निळा झाला होता. दोनशे सात निघाल्या, एकही सोडली नाही.” त्यानं मागं हात केला. पुलावरून माणसं वाकून काहीतरी ओढत आणत होती. “ढीगसुद्धा पोत्यांत भरून घेतलाय.”