ग्रहण सुटेपर्यंत

"विळी-सुरीला हात लावू नकोस, शिवणटिपण करू नकोस. एका जागी बसून राहा," पडद्यावरून आई म्हणाली. मिरजेत नुकताच चंद्र उगवला होता, तोही ग्रहण लागलेला, आणि त्याच चंद्रावरच्या वसाहतीत तिची गरोदर लेक राहत होती. म्हणून आई स्वतःही वेध लागल्यापासून उपाशी, पाटावर बसून होती.

मृदुलाने खिडकीतून वर पाहिलं. पृथ्वीने सूर्याला झाकलं होतं. काळ्या थाळीभोवती तांबडी कड पेटली होती.

"आई, इथून बघितलं तर राहू म्हणजे आपली पृथ्वीच. तुमचीच सावली पडलीय आमच्यावर."

"असू दे. तू हलू नकोस."

मृदुला मांडीवर हात ठेवून बसली. पोटातलं बाळ गेल्या आठवड्यातच गेलं होतं. इथे टिकत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

"बाळ हलतंय ना गं?"

चंद्रावरून उत्तर पोचायला नेहमीच थोडा वेळ लागतो. आईला त्याची सवय होती. ती वाट बघत राहिली. मग तेवढा वेळही उलटून गेला. आईने पुन्हा विचारलं नाही. दोघी तशाच समोरासमोर बसून राहिल्या.

पृथ्वीमागून सूर्याची कोर बाहेर आली. मिरजेच्या गल्लीत आरोळी उठली, "दे दान, सुटे गिराण."

तासाभराने वहिनी दारात येऊन म्हणाली, "आई, ग्रहण सुटलं. आंघोळीचं पाणी काढलंय."

"तुम्ही घ्या उरकून," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "हिचं अजून सुटलेलं नाही."