फोटोतली चादर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोने मला न सांगता दोन दिवसांसाठी हॉटेल बुक केलं. खोलीत पाऊल टाकताच चप्पल फरशीला चिकटली. नळ सोडायला गेलो तर तो हातातच आला. चादरीवर आधीच्या किमान तीन पाहुण्यांचा चहा सांडलेला होता, आणि बाथरूममधलं झुरळ आम्हीच त्याच्या घरात घुसल्यासारखं आमच्याकडे बघत होतं.

एरवी चहा कोमट आला तरी मॅनेजरला बोलावणारा मी, आज भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचा अभ्यास करत बसलो होतो.

"अहो, तोंडाला कुलूप लावलंय का?" बायकोने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "हा फोटो बघा. पांढरीशुभ्र चादर, कोपऱ्यात निळी फुलं, अगदी आपल्या घरच्यासारखी. तिलाच भुलले मी. फोटोग्राफरची बायको असून फोटोला फसले."

"होतं असं कधी कधी," मी कॅलेंडरकडे बघतच म्हणालो. "जाऊ दे ना, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

तिने ऐकलं नाही. फोन करून मॅनेजरला वर बोलावलंच. तो दारात आला. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायच्या आत त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

 

"अहो साहेब, तुम्ही? या वेळी घरून चादर नाही आणलीत?"